उन्हं चढायच्या आत परत

नमस्कार,
आम्ही भांडुपला राहतो. घरात पाच माणसं: मी, यजमान, तेरा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. दर मे महिन्यात आम्ही देवगडला गावी जायचो. सासूबाईंचं माहेरही तिथलंच, अगदी खाडीच्या तोंडाशी. २०२० ला टाळेबंदी होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये सासरे कोरोनानं गेले. यंदा, २०२२ ला, यजमानांना सलग रजा नाही, फक्त मंगळवारची साप्ताहिक सुट्टी. मुलं दोन वर्षं दोन खोल्यांत कोंडल्यासारखी आहेत. मुलगा रोज वॉटर पार्कचा हट्ट धरतो. सासूबाई म्हणतात, “सरकारनं निर्बंध उठवले, रोग कुठे उठलाय?” त्या ६८ वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. दोन डोस झालेत, दुसरा गेल्या जुलैत. मुलाचा पहिला डोस झाला, मुलीला अजून लस नाही. बाहेर जायचं म्हटलं की सासूबाई “तुम्ही जा, मी बसते घरी” म्हणतात आणि दिवसभर गप्प राहतात. सकाळी जाऊन दुपारी परत येता येईल असं जवळपास काही आहे का? आणि असं फिरायला जाणं बरोबर आहे का? मजा करायला निघालं की मला अपराधी वाटतं.
— भांडुपहून एक वाचक

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, जा. याच महिन्यात जा. मुलांच्या दोन उन्हाळी सुट्ट्या गेल्या त्या गेल्या, तिसरीही घालवावी असं कारण मला आज तरी दिसत नाही. पण सासूबाईंचं म्हणणंही मला पटतं. पाडव्याला, २ एप्रिलला, निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला, तरी साथ संपल्याचं कुणी सांगितलेलं नाही. याच जानेवारीत मुंबईत एका दिवसात २०,००० हून जास्त रुग्ण सापडले होते. म्हणून जायचं की नाही, हा वाद घरात घालूच नका. कुठे जायचं, किती वाजता निघायचं आणि कशानं जायचं, एवढंच ठरवा. आणि ते सासूबाईंना बरोबर बसवून ठरवा.

आधी भ्यायचं कशाला ते नीट समजून घेऊ. हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो. बंद खोलीत लावलेल्या उदबत्तीचा वास जसा कानाकोपऱ्यात भरून राहतो, तसे बाधित माणसाच्या श्वासातले विषाणू बंद जागेत साचत जातात. तीच उदबत्ती गच्चीत लावली तर चार पावलांवर वास येत नाही. म्हणून किनारा, खाडी, डोंगर, मोठी बाग अशा ठिकाणी धोका फार कमी. तो असतो तिथे पोचेपर्यंतच्या प्रवासात, तिकिटाच्या रांगेत, एसी लावून काचा बंद केलेल्या हॉटेलात. सहल ठरवताना आपण ठिकाण बघतो आणि बाकीचं ऐनवेळी उरकतो. यंदा उलटं करा. गाडीच्या खिडक्या उघडतात का, खायला कुठे बसणार आणि बाईमाणसाला जाता येईल असं स्वच्छतागृह वाटेत कुठे आहे, या तीन गोष्टी आधी ठरवा. तिसरी मी मुद्दाम सांगतेय. मधुमेह असलेल्या बाईला ती सोय नाही असं कळलं की ती सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि मेच्या उन्हात ते कोरोनापेक्षा लवकर अंगाशी येतं. कदाचित “मी बसते घरी” यामागे हेही असेल. सुनेजवळ ते बोलायला त्यांना संकोच वाटत असेल, तर तुम्हीच आधी विषय काढा.

यजमानांना मंगळवारची सुट्टी आहे याचं वाईट वाटून घेऊ नका. जिथे रविवारी मुंगीला शिरायला जागा नसते, तिथे मंगळवारी सकाळी तुम्हाला सावलीतला बाक मिळेल. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद, म्हणजे मंगळवार दोन्हीकडे चालतो. शिवाय तुम्ही भांडुपला आहात. सकाळी सगळी मुंबई सीएसएमटीकडे जात असते, तेव्हा कल्याण-अंबरनाथच्या बाजूला जाणाऱ्या धीम्या गाड्या बऱ्याच मोकळ्या असतात. तुमची सहल त्या उलट्या दिशेला ठेवली की पाचही जणांना खिडकीजवळ बसता येईल. एसी लोकलची तिकिटं ५ मे २०२२ पासून जवळजवळ निम्म्यावर आली, आणि मुलगा तिचाच आग्रह धरेल. यंदा नको. तिच्या खिडक्या उघडत नाहीत. साधी लोकल, वाऱ्याच्या बाजूची खिडकी आणि प्रवासभर नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क, एवढं पुरे. मोकळ्या माळावर उतरलात आणि आसपास कुणी नसलं की मुलांचे मास्क काढून खिशात ठेवा. तिथेही तोंड बांधून ठेवलंत तर ती पुढच्या वेळी यायची नाहीत. थोडं अंतर रस्त्यानं जायचं असेल तर रिक्षासारखं वाहन नाही, दोन्ही बाजूंनी उघडं. टॅक्सी केलीत तर एसी बंद करून काचा खाली करायला सांगा. चालक कुरकुरले तरी ऐकतात.

आता ठिकाणं. येत्या मंगळवारी, १० मेला, फ्लेमिंगो बघून घ्या. इतर सगळं थांबेल, हे थांबणार नाही, कारण पावसाची चाहूल लागली की ते ठाण्याच्या खाडीतून उठतात. भांडुपकरांना ही खाडी किती जवळ आहे याचं मला नेहमी नवल वाटतं. पूर्वेला द्रुतगती महामार्ग ओलांडला की पलीकडे मिठागरं, तिवरं आणि खाडी. २०१५ मध्ये या खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मुलुंड-ऐरोली पूल ओलांडून ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून होडीनं नेतात. होडी उघडी असते, अंगात जीवरक्षक जाकीट घालायला देतात. तिच्या वेळा भरतीवर ठरतात, म्हणून आधी विचारून जागा राखून ठेवा, सरळ जाऊन उभं राहू नका. १० तारखेची सकाळची वेळ मिळाली नाही तर यजमानांच्या सुट्टीसाठी अडून बसू नका. तुम्ही आणि मुलं दुसऱ्या दिवशी जाऊन या.

मुलांना एवढंच सांगून ठेवा की होडीत ओरडायचं नाही आणि उभं राहायचं नाही. पक्षी जवळ आले की त्यांच्या चोचीकडे बघायला सांगा. फ्लेमिंगो खाताना मान खाली घालून डोकं चक्क उलटं करतो, वरची चोच खाली आणि खालची वर, आणि चिखलाच्या पाण्यातून बारीक शेवाळ आणि किडे गाळून घेतो. गुलाबी रंग त्याला याच खाण्यातून मिळतो. थव्यात मळकट राखाडी दिसतील ती आजारी नाहीत, लहान आहेत, त्यांना रंग चढायला काही वर्षं लागतात. आपल्या खाडीत दोन जाती येतात. मोठ्या रोहिताची (फ्लेमिंगोचं मराठी नाव रोहित) चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, धाकट्याची बरीचशी गडद. मुलाला हा फरक ओळखायचं काम द्या आणि मुलीला काठच्या चिखलात निवट्या शोधायला सांगा. तो मासा पाण्याबाहेर येऊन चिखलावर टणाटण उड्या मारतो. आठ वर्षांच्या पोरीला पक्ष्यांपेक्षा तोच जास्त आवडायची शक्यता आहे.

त्याच्या पुढच्या मंगळवारी, १७ तारखेला, किनारा. इथे मला सासूबाईंबद्दल थोडं सविस्तर बोलायचंय.

त्या “तुम्ही जा” म्हणतात ते भीतीनं की दुःखानं, हे मला पत्रावरून कळत नाही. बहुधा दोन्ही असेल. भीतीवर इलाज आहे. त्यांचा दुसरा डोस जुलैतला, म्हणजे नऊ महिने उलटून गेले, आणि साठीच्या पुढच्यांना यंदा, २०२२ मध्ये, पालिकेच्या केंद्रावर खबरदारीचा (तिसरा) डोस मोफत मिळतो. तो या दोन-चार दिवसांत देऊन टाका आणि मुलाच्या दुसऱ्या डोसला २८ दिवस झाले की तोही उरकून घ्या. म्हणजे “आम्ही तुमचा विचार करतोय” हे तोंडानं सांगावं लागणार नाही. दुःखाचं मात्र वेगळं आहे. गेल्या एप्रिलमध्ये ज्यांच्या घरात माणूस गेलं, त्यांना चार माणसांत रडताही आलं नाही. अंत्ययात्रेला मोजकी माणसं, दहाव्याला दार बंद, बहिणी-भावजयांचे फक्त फोन. वर्ष सरलं तरी ते आत तसंच राहिलंय. अशा बाईला “चला ना, मोकळं वाटेल” म्हटलं तर तिला वाटतं, यांना विसरायची घाई झालीय. म्हणून त्यांना चला म्हणू नका. त्यांना काहीतरी विचारा.

विचारा की १७ तारखेला ओहोटी किती वाजता. देवगडच्या खाडीवर वाढलेल्या बाईला घड्याळ आणि ॲप लागणार नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशोब कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून पुनवेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याच्या साधारण सहा तास आधी-नंतर ओहोटी. १६ मेला बुद्धपौर्णिमा आहे. १७ ला वद्य प्रतिपदा, म्हणजे मोजणी पुन्हा एकपासून, म्हणून भरती दुपारी पाऊण वाजता आणि ओहोटी सकाळी पावणेसातच्या आसपास. पुनव-अवसेची ओहोटी इतर दिवसांपेक्षा दूरवर जाते, एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. वर्तमानपत्रातल्या वेळेशी हे ताडून बघायचं काम मुलाला द्या. आजी बोटांवर मोजणार आणि नातू छापील वेळ वाचणार. दहा-वीस मिनिटांचा फरक निघाला तर त्यावर दोघांचं बोलणंही होईल.

जागा वांद्र्याची कार्टर रोड. भांडुपहून थेट रिक्षा जाते आणि पहाटे साडेपाचला निघालात तर रस्ता रिकामा मिळतो. तिथे चालायला सपाट फरसबंदी आहे, बसायला बाक आहेत आणि समोर खडकाळ किनारा. प्लास्टिकही आहे, ते मी लपवणार नाही. जरा पुढे-मागे चालत स्वच्छ जागा शोधा. खडकांवर जाताना प्रत्येकाच्या पायात बंद बूट हवेत, कारण कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात आणि हिरवं शेवाळ पावलागणिक घसरवतं. काळ्या कोरड्या दगडावर पाय टाका, हिरव्यावर नाही. मग एखाद्या डबक्याशी उकिडवं बसा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि दोन मिनिटं अजिबात हलू नका. आधी काहीच दिसत नाही. मग तळाशी पडलेला रिकामा शंख जरासा उचलला जातो, खालून दोन तांबूस नांग्या बाहेर येतात आणि शंख चालू लागतो. तो शंखातला खेकडा, दुसऱ्याच्या टाकून दिलेल्या घरात राहणारा. बाजूच्या कपारीत समुद्रफूल नावाचा फुलासारखा दिसणारा प्राणी असेल, बोटाच्या पेराएवढा, उघडलेला. पाण्यात काडी हलवलीत तर मिटून बटणासारखा होईल. काही उचलून घरी न्यायचं नाही, आणि दगड उलटा करून बघितलात तर पुन्हा होता तसा ठेवायचा, त्याच्या खालच्या बाजूला कुणाचं तरी बिऱ्हाड असतं.

सासूबाईंना खडकावर नेऊ नका, त्यांना कडेच्या बाकावर बसू द्या. मुलं दर पाच मिनिटांनी काही ना काही विचारायला त्यांच्याकडेच धावणार आहेत. कालवं कशी काढायची, कुठल्या शंखाला गावी काय म्हणतात, यातलं तुम्हा-आम्हाला काय ठाऊक? आठ वाजले की खडकांवरून सगळ्यांना बाहेर काढा. पाणी परत फिरतं ते समोरून येत नाही, आधी मागच्या खाचांतून भरतं, आणि या किनाऱ्यावर माणसं दगावली आहेत. माहीत नसलेल्या खडकांवर तर उतरूच नका.

२४ तारखेला अंबरनाथ. धीम्या गाडीनं सरळ जाता येतं, स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडी रिक्षा. शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं, तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे. शेजारी वालधुनी नदी. तिची आजची अवस्था बघवत नाही, पण देवळाच्या बाहेरच्या भिंती बघत राहाव्यात अशा आहेत. तळाशी हत्तींची रांग आणि वरपर्यंत कोरीवकाम, हाताएवढी जागाही मोकळी सोडलेली नाही. गाभारा पायऱ्या उतरून खाली आहे. गर्दी असेल तर मंडपातूनच नमस्कार करून मागे फिरा. एक फार महत्त्वाचं: अंगणातला दगड नऊ-साडेनऊनंतर तापतो. मधुमेहात तळपायांची जाणीव कमी झालेली असू शकते, चटका बसला तरी कळत नाही आणि रात्री फोड दिसतो. सासूबाईंना जाड सुती मोजे घालू द्या आणि घरी आल्यावर त्यांचे तळवे उजेडात बघा. तुमचे कुणी नातेवाईक कल्याण-अंबरनाथकडे राहत असतील, गेल्या वर्षी भेटायला येऊ न शकलेले, तर त्यांना देवळाशीच बोलवा. झाडाखाली उघड्यावर तासभर बसतील. घरी बोलावण्यापेक्षा ते सुरक्षितही आहे आणि सासूबाईंना त्याची फार गरज असेल असं मला वाटतं.

बाकीची ठिकाणं भराभर सांगते. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि आत कान्हेरीची लेणी उत्तमच, पण तुम्हाला आडवं जावं लागेल आणि लेण्यांचा काळा खडक दहाच्या पुढे तव्यासारखा होतो. गेलात तर मुलांना डोंगरभर खोदलेली पाण्याची टाकी दाखवा. शंभरावर लेणी आणि पावसाचं पाणी धरून ठेवायची ती सगळी व्यवस्था, दोन हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली. खायचं मात्र पिशवीबाहेर काढू नका, माकडं हातातून ओढून नेतात. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला सुट्टीत लोटच्या लोट येतात. मंगळवारी फाटक उघडताच आत गेलात तर जमेल, पण पेंग्विनचं दालन बंदिस्त आहे, तिथे रांग असेल तर सोडून द्या आणि जुनी झाडं बघा. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी अशी झाडं एका ठिकाणी मुंबईत दुसरीकडे सहसा दिसत नाहीत. शीवजवळचं माहीम निसर्ग उद्यानही चांगलं आहे. एके काळी तिथे शहराचा कचरा टाकत, तिथे आज दाट रान आहे. घारापुरी यंदा नको, धक्क्यावरची गर्दी आणि मग शंभरावर पायऱ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत. दिवाळीनंतर बघा. माथेरानही नको. मेमध्ये दस्तुरीच्या वाहनतळाला वाहनांची रांग लागते.

वॉटर पार्कला स्पष्ट नाही म्हणा, आणि ते मुलाला समोर बसवून सांगा. अडचण पाण्याची नाही, रांगांची, कपडे बदलायच्या कोंदट खोल्यांची आणि आरडाओरड्याची आहे. तेरा वर्षांच्या मुलाला “नको” पुरत नाही, त्याला काहीतरी हातात द्यावं लागतं. एम-इंडिकेटर ॲपवर गाड्या शोधणं, कुठल्या डब्यात चढलं की जिना जवळ पडेल, परतीची गाडी किती वाजता, हे सगळं त्याच्यावर सोपवा आणि मग मध्ये बोलू नका. गाडी चुकली तर दुसरी येईल.

खाण्याचं म्हणाल तर घरचं न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी, मीठ लावलेली कैरी. दहीभात उन्हात आंबतो, तो नको. पन्हं मुलांना, सासूबाईंना पातळ ताक. त्यांनी सकाळची गोळी घेतली आणि नाश्ता लांबला तर साखर एकदम उतरते. म्हणून गोळी केव्हा आणि खाणं केव्हा, हे त्यांच्या डॉक्टरांना फोन करून आधी ठरवा, आणि खडीसाखरेची पुडी त्यांच्या स्वतःच्या कनवटीला असू द्या, तुमच्या पिशवीत नको. वाटेत ताडगोळे दिसले तर जरूर घ्या. साल समोर काढून घ्यायचं आणि नखानं टोचून आतलं पाणी आधी ओठांनी ओढायचं, हे मुलीला शिकवा. करवंदं-जांभळं घरी आणून धुऊन खा. पुडक्यांवर, बाकांवर औषधं फवारत बसू नका, खाण्यापूर्वी हात साबणानं धुतले की झालं. अकराच्या आत घरी परत या. आणि निघायच्या सकाळी कुणाचा घसा खवखवत असेल तर बेत पुढे ढकला, कुणावरही न चिडता. मुलांना हे आजच सांगून ठेवा, म्हणजे कुणी खोकला लपवणार नाही.

आता तुम्हाला वाटणाऱ्या अपराधाबद्दल. सासऱ्यांचं दुःख आणि मुलांचं खिदळणं एकाच घरात, एकाच दिवशी असू शकतं. तुम्ही हसलात म्हणून कुणी त्यांना विसरलं असं होत नाही. तरीही सासूबाई नाहीच म्हणाल्या, तर दोनदा विचारा, तिसऱ्यांदा नको. त्यांचा डबा भरून ठेवा, शेजारच्या कुणाला दुपारी डोकावायला सांगा आणि तुम्ही जा. रुसल्या आहेत असं समजून घरी बसलात तर मुलांच्या लेखी आजी हीच अडचण होऊन बसेल, आणि ते तिघांवरही अन्याय करणारं होईल. परत आल्यावर “मजा आली” असं मोघम सांगू नका. पाणी कुठवर गेलं होतं, कोणता शंख दिसला, कोळणी काय वेचत होत्या, असं नेमकं सांगा आणि त्यांना विचारा. पुढच्या मंगळवारी त्या कदाचित स्वतःच पिशवी भरतील. नाही भरली तर आणखी एक मंगळवार जाऊ द्या.

१७ तारीख हुकली तर तशीच सकाळची ओहोटी ३१ मेला आहे, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, पण तोवर वारा फिरलेला असतो आणि समुद्र खवळायला लागतो. तेव्हा शक्यतो १७ च धरा. डोस मात्र त्याच्या आधी, आणि डोसानंतरचे दोन दिवस त्यांना कुठे नेऊ नका.